मृत्यूच्या दाखल्यातील तिसरी ओळ : लंडनच्या साउथ सर्क्युलर रस्त्याकाठचे एक प्रकरण

१६ डिसेंबर २०२० रोजी दक्षिण लंडनमधील सदर्कच्या कॉरोनर न्यायालयात एला अडू-किसी-डेब्रा या नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची कारणे दुसऱ्यांदा नोंदवली गेली. तिचा मृत्यू होऊन तेव्हा जवळपास आठ वर्षे लोटली होती. पहिल्या ओळीतील श्वसनक्रिया निकामी होणे आणि दुसऱ्या ओळीतील गंभीर दमा ही कारणे २०१४ च्या पहिल्या चौकशीतही पुढे आली होती. तिसरी ओळ मात्र नवी होती : हवेच्या प्रदूषणाशी आलेला संपर्क. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणांत प्रदूषणाची अशी नोंद त्यापूर्वी कधीही झाली नव्हती, आणि ते प्रदूषण मुख्यतः तिच्या घराजवळून जाणाऱ्या वाहनांचे होते, असेही कॉरोनर फिलिप बार्लो यांनी स्पष्टपणे लिहिले.

कॉरोनर म्हणजे आकस्मिक किंवा अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा न्यायिक अधिकारी. मुंबईकरांना हे पद अगदीच परके नाही. १८७१ च्या कायद्यानुसार मुंबईत कॉरोनर नेमला जात असे आणि १९९९ मध्ये हे पद रद्द होईपर्यंत शहरातील अशा मृत्यूंची चौकशी त्याच्याकडेच असे. इंग्लंडमध्ये कॉरोनर कोणाला दोषी ठरवत नाही आणि नुकसानभरपाईही देत नाही. मृत व्यक्ती कोण, तिचा मृत्यू कधी, कुठे आणि कसा झाला, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे त्याला द्यायची असतात. या प्रकरणातील सारा वाद शेवटच्या प्रश्नाभोवती फिरला.

२०१४ आणि २०२० या दोन चौकशांच्या दरम्यान मुलीच्या आजाराच्या कागदपत्रांत काहीही बदलले नव्हते. केसपेपर तेच होते, रुग्णालयात दाखल झाल्याच्या तारखाही त्याच होत्या. भर पडली ती एका दुसऱ्याच नोंदवहीची, जी रस्त्याच्या हवेचे मापन करणारी यंत्रे या संपूर्ण काळात तासातासाला भरत होती. दोन्ही नोंदी एकाच शहरात, सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थांकडे होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते. या प्रकरणाचा अभ्यास करण्याचे माझ्या मते हेच खरे कारण आहे.

मुलगी आणि तिचा आजार

एलाचा जन्म जानेवारी २००४ मधला. आई रोझामंड या शिक्षिका होत्या आणि कुटुंब लुइशम या दक्षिण-पूर्व लंडनमधील भागात राहत होते. पोहणे, जिम्नॅस्टिक्स, फुटबॉल अशा सर्व खेळांत रमणारी ही मुलगी २०१० पर्यंत निरोगी होती. सातवा वाढदिवस काही महिन्यांवर आला असताना तिला खोकला सुरू झाला. हा खोकला नेहमीच्या सर्दीतला नव्हता. खोकल्याची उबळ इतकी जोरदार येई की त्यातच तिची शुद्ध हरपे. अपस्मारापासून निरनिराळ्या विकारांच्या तपासण्या झाल्या. आजाराच्या सुरुवातीच्या काळातच अतिदक्षता विभागात तिला औषधांनी बेशुद्ध ठेवून कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागला. त्यानंतरच्या सव्वादोन वर्षांत ती जवळपास तीस वेळा रुग्णालयात दाखल झाली. २०१२ च्या उन्हाळ्यापर्यंत तिची प्रकृती इतकी खालावली होती की अधिकृत नोंदीत ती अपंग ठरली, आणि चालण्याने दम लागू नये म्हणून आई तिला पाठीवर घेऊन फिरत असे.

तिचा दमा हा एक दुर्मीळ आणि तीव्र प्रकार होता. सर्वसाधारण दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि नलिका अरुंद होतात. त्यावर श्वासातून घेण्याची औषधे बऱ्यापैकी काम करतात. एलाच्या बाबतीत या आवळण्याच्या जोडीला श्वासनलिकांत घट्ट कफाचा अतिरेकी स्राव होई, आणि त्या कफाने फुप्फुसांचे भागच्या भाग बंद पडत. अशा फुप्फुसाला क्षोभ देणारी कोणतीही गोष्ट इतर मुलांच्या तुलनेत कितीतरी अधिक धोकादायक ठरते. १५ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे, खोकल्याच्या आणखी एका उबळीनंतर झटका येऊन तिचा मृत्यू झाला.

या सर्व काळात तिच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी कोणीही आईपाशी रस्त्याचा विषय काढला नाही. धूळ, परागकण, पाळीव प्राणी यांची चौकशी दम्याच्या रुग्णाच्या बाबतीत नेहमीच होते. घरासमोरून काय वाहते, हा प्रश्न त्या यादीत नव्हता.

रस्ता

एलाचे घर साउथ सर्क्युलर रस्त्यापासून सुमारे पंचवीस मीटरवर होते. नकाशावर हा रस्ता ए२०५ म्हणून दिसतो आणि नावावरून तो शहराला वळसा घालणारा एखादा रुंद बाह्यवळण मार्ग असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात तसे नाही. थेम्स नदीच्या उत्तरेकडील नॉर्थ सर्क्युलरचा बराचसा भाग मुद्दाम बांधलेला आहे. दक्षिणेकडील योजना मात्र बऱ्याच अंशी कागदावरच राहिली आणि वूलिचपासून चिझिकच्या दिशेने जाणाऱ्या जुन्या, वस्तीतल्या रस्त्यांना एकमेकांना जोडून, त्यांवर पाट्या लावून हा सुमारे ३३ किलोमीटरचा मार्ग तयार झाला. परिणामी शहराला ओलांडून जाणारी वाहतूक घरे, शाळा, दुकाने आणि सिग्नल यांच्यामधून, थांबत आणि पुन्हा वेग घेत जाते. वाहनाच्या इंजिनातून सर्वाधिक धूर निघतो तो नेमका अशाच चालीत.

वाहतुकीच्या प्रदूषणाचे भूगोलशास्त्र शहराच्या सरासरी आकड्यात मावत नाही. रस्त्याच्या कडेला नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण सर्वाधिक असते आणि काही शे मीटरच्या आत ते झपाट्याने उतरते. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये, म्हणजे एला आजारी पडली त्याच वर्षी, तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सर्वाधिक बाधित असल्याचे म्हटले होते, आणि वाहनांच्या प्रदूषणामुळे मुलांचा दमा बळावतो हा कार्यकारणसंबंध मान्य करण्याइतका पुरावा उपलब्ध असल्याचा निष्कर्ष काढला होता. पंचवीस मीटर हे अंतर त्या पट्ट्याच्या अगदी आतल्या कडेला येते.

या धुराची रचनाही त्या दशकात बदलत होती. हवामानबदल रोखण्याच्या हेतूने ब्रिटनने २००१ पासून मोटारींवरील वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाशी जोडला. डिझेलचे इंजिन दर किलोमीटरला कमी कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे डिझेल मोटारी स्वस्त पडू लागल्या. २००० साली नव्या मोटारींपैकी साधारण सातात एक डिझेलवर चालणारी होती. २०१२ पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. डिझेलच्या नायट्रोजन ऑक्साइडांवर युरोपीय मानकांनी लगाम घातला आहे, असे मानले जात होते. प्रयोगशाळेतील चाचणीत तो लगाम दिसे, रस्त्यावर दिसत नसे. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवागन कंपनीने चाचणीच्या वेळी उत्सर्जन कमी दाखवणारी संगणकप्रणाली मोटारींत बसवल्याचे उघड झाले, तेव्हा या फरकाची जगभर चर्चा झाली. तोवर एलाच्या मृत्यूला अडीच वर्षे झाली होती. एका पर्यावरणीय उद्दिष्टासाठी दिलेली करसवलत दुसऱ्या पर्यावरणीय हानीचे कारण ठरावी, हा या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. यात कोणाचाही वाईट हेतू शोधावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. २०११ च्या जनगणनेत लुइशममधील जवळजवळ निम्म्या कुटुंबांकडे मोटार नव्हती. साउथ सर्क्युलरवरची वाहतूक अर्थातच फक्त लुइशमची नव्हती, ती शहरभरातून येत होती. लंडनच्या महापौरांच्या वाहतूक धोरणात असेही म्हटले आहे की लंडनवासीयांच्या मोटारीच्या एकतृतीयांशाहून अधिक फेऱ्या पंचवीस मिनिटांत पायी पूर्ण होण्याइतक्या लहान असतात. मोटारीची सोय एकाच्या पदरात आणि तिचा धूर दुसऱ्याच्या फुप्फुसात, अशी ही वाटणी आहे, आणि ती कोणत्याही एका चालकाला दिसत नाही.

दोन नोंदी शेजारी शेजारी

मुलीच्या मृत्यूनंतर आईने कारणाचा शोध थांबवला नाही. आजाराच्या तारखा आणि हवेच्या नोंदी यांच्यात काही नाते आहे का, हा प्रश्न पुढे आला तेव्हा साउदॅम्प्टन विद्यापीठातील दमाविषयक तज्ज्ञ प्राध्यापक स्टीफन होलगेट यांनी दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या. घरापासून साधारण मैलभर अंतरावर, कॅटफर्ड येथे, हवा मोजणारे एक केंद्र होते. एलाच्या गंभीर झटक्यांचे दिवस आणि त्या केंद्रावर प्रदूषण वाढल्याचे दिवस यांच्यात ठळक जुळणी त्यांना आढळली. तिचा अखेरचा झटकाही त्या भागातील अतिशय वाईट प्रदूषणाच्या एका टप्प्यानंतर आला होता. बेकायदा पातळीचे प्रदूषण नसते तर ती वाचली असती अशी वास्तव शक्यता आहे, असे मत त्यांनी २०१८ च्या अहवालात दिले. त्या आधारे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पहिल्या चौकशीचा निष्कर्ष रद्द करून नव्याने चौकशीचा आदेश दिला.

येथे एक शंका कोणत्याही सावध वाचकाच्या मनात येईल, आणि ती यायलाच हवी. लंडनमध्ये प्रदूषण हिवाळ्यात वाढते, कारण थंड, स्थिर हवेत धूर जमिनीलगत साचून राहतो. पण श्वसनमार्गाचे विषाणूही हिवाळ्यातच फोफावतात आणि दम्याचे झटके त्यांच्यामुळेही येतात. दोन गोष्टी एकाच ऋतूत घडतात म्हणून त्यांतली एक दुसरीचे कारण ठरत नाही. केंद्र मैलभर दूर होते, तेव्हा प्रत्यक्ष घराच्या दारातली हवा कोणीच मोजलेली नव्हती, हाही मुद्दा आहेच. माझ्या वाचनाप्रमाणे तारखांची जुळणी हा या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा असला तरी सर्वांत भक्कम पुरावा नाही. भक्कमपणा येतो तो तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे : रस्त्याजवळचे प्रदूषण दमा बळावते हे हजारो मुलांच्या अभ्यासांतून आधीच सिद्ध होते, या मुलीच्या दम्याचा विशिष्ट प्रकार अशा क्षोभाला असाधारण संवेदनशील होता, आणि आजाराच्या संपूर्ण काळात ती राहत होती ती जागा त्या क्षोभाच्या उगमालगत होती. केंद्र दूर असल्याने दारातले प्रमाण प्रत्यक्षात नोंदींपेक्षा अधिकच असण्याची शक्यता होती, म्हणजे ती त्रुटी निष्कर्षाच्या विरोधात जात नव्हती.

कॉरोनरला शंभर टक्के खात्री लागत नाही. एखादी गोष्ट घडली नसण्यापेक्षा घडली असण्याची शक्यता अधिक आहे का, आणि मृत्यूतील तिचा वाटा क्षुल्लकापेक्षा मोठा आहे का, हे त्याला पाहायचे असते. ३० नोव्हेंबर २०२० पासून दोन आठवडे साक्षी चालल्या. २०१० ते २०१३ या काळात एलाचा संपर्क जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पातळ्यांपेक्षा अधिक नायट्रोजन डायऑक्साइड आणि कणांशी आला, या प्रदूषणाचा मुख्य उगम वाहतूक हा होता, आणि मृत्यूला त्याचा लक्षणीय हातभार लागला, असे निष्कर्ष बार्लो यांनी काढले. नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण कायदेशीर मर्यादेत आणण्यात अपयश आल्याचीही नोंद झाली. आईला प्रदूषणाचे धोके सांगितले गेले नव्हते, आणि सांगितले गेले असते तर तिने उचललेल्या पावलांमुळे कदाचित मृत्यू टळला असता, हा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण घर बदलले असते, असे रोझामंड यांनी साक्षीत सांगितले होते.

अपयश नेमके कोणाचे

नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत आणण्याची मुदत युरोपीय कायद्यानुसार १ जानेवारी २०१० ही होती. लंडनमधील अनेक रस्त्यांवर ती पाळली गेली नाही, आणि एप्रिल २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाला सरकारला नवा आराखडा करण्याचा आदेश द्यावा लागला. पण एवढ्याने ‘सरकार’ असे उत्तर देऊन मोकळे होता येत नाही. साउथ सर्क्युलरची व्यवस्था शहराच्या वाहतूक प्राधिकरणाकडे, स्थानिक हवेवर देखरेख ठेवण्याचे कर्तव्य लुइशमच्या नगरसंस्थेकडे, मोटारींवरचा कर केंद्र सरकारकडे, इंजिनांची मानके युरोपीय संघाकडे आणि रुग्णाला सल्ला देण्याचे काम आरोग्यसेवेकडे, अशी जबाबदारीची विभागणी होती. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता आणि प्रत्येकाला आपला तुकडा पुरेसा वाटत होता. आपल्याकडच्या कोणत्याही महानगरात राहणाऱ्याला ही मांडणी ओळखीची वाटेल.

लंडनने काहीच केले नव्हते असेही नाही. मध्य लंडनमध्ये २००३ पासून गर्दी-शुल्क होते आणि २००८ पासून जवळजवळ साऱ्या लंडनमध्ये अवजड वाहनांसाठी कमी उत्सर्जनाचे क्षेत्र होते. पूर्व लंडनमधील २८ शाळांतील आठ-नऊ वर्षांच्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या फुप्फुसांची तपासणी करणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अधिक प्रदूषणात राहणाऱ्या मुलांची फुप्फुसांची क्षमता सुमारे पाच टक्क्यांनी कमी आढळली, आणि कमी उत्सर्जनाच्या त्या क्षेत्रामुळे ही हानी भरून निघाल्याचे दिसले नाही. ही मुले आजारी नव्हती, शाळेत जात होती, खेळत होती. एलाच्या प्रकरणाला या अभ्यासाशेजारी ठेवले म्हणजे ती एकटी अपवाद होती असे म्हणणे अवघड होते. ती एका मोठ्या समूहाच्या टोकाला उभी होती.

आपल्याकडे याचा संबंध येतो तो दोन ठिकाणी. भारतातील २००९ च्या मानकांप्रमाणेही निवासी भागांसाठी नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅमच आहे, मात्र अतिसूक्ष्म कणांसाठीही (पीएम २.५) ती ४० इतकी सैल आहे. दुसरे म्हणजे आपल्या रुग्णालयांत मृत्यूचे वैद्यकीय कारण ज्या नमुना क्रमांक ४ मध्ये भरले जाते, त्याचीही घडण तशीच आहे : आधी तात्कालिक कारण, त्याखाली त्यामागचे, त्याखाली त्याच्याही मागचे. तिसऱ्या ओळीत रस्ता लिहायचा तर डॉक्टरला रुग्णाचा पत्ता निव्वळ पत्रव्यवहाराचा तपशील म्हणून न वाचता आजाराचा तपशील म्हणून वाचावा लागेल.

निकालानंतर

एप्रिल २०२१ मध्ये बार्लो यांनी भविष्यातील मृत्यू टाळण्यासाठीचा अहवाल दिला. त्यात तीन चिंता होत्या : कणांसाठीच्या राष्ट्रीय मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या पातळ्यांपेक्षा फारच वर आहेत, हवेच्या माहितीविषयी लोकांत जागरूकता कमी आहे, आणि डॉक्टर व परिचारिका प्रदूषणाचे दुष्परिणाम रुग्णांना पुरेसे सांगत नाहीत. यांतील तिसरीवर सर्वांत कमी खर्च होतो आणि सर्वांत कमी बोलले जाते.

मोटारींच्या बाबतीत लंडनने अति-कमी उत्सर्जनाचे क्षेत्र एप्रिल २०१९ मध्ये मध्यभागात सुरू केले. मानकांत न बसणाऱ्या मोटारीला, म्हणजे ढोबळमानाने जुन्या डिझेल आणि फार जुन्या पेट्रोल मोटारींना, दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये हे क्षेत्र नॉर्थ आणि साउथ सर्क्युलरपर्यंत वाढवले गेले, पण हे दोन रस्ते मात्र हद्दीबाहेर ठेवले गेले. ज्या रस्त्याचे नाव त्या निकालाशी कायमचे जोडले गेले होते, त्यावरून जुनी डिझेल मोटार शुल्क न भरता जाऊ शकत होती, आणि ही स्थिती २९ ऑगस्ट २०२३ रोजी सारे लंडन त्या क्षेत्रात येईपर्यंत टिकली. हद्द आखताना वाहनांना वळसा घालायला एखादा मार्ग ठेवावा लागतो, हे प्रशासकीय कारण समजण्यासारखे आहे. त्या मार्गाच्या काठावर घरे आहेत, एवढीच अडचण. शिवाय ब्रेक, टायर आणि रस्त्याचा पृष्ठभाग झिजून उडणारे कण इंजिन बदलल्याने थांबत नाहीत, आणि ब्रिटनमध्ये रस्तेवाहतुकीच्या कणांत आता त्यांचाच वाटा निम्म्याहून अधिक आहे. तेव्हा मोटारींची जात बदलणे आणि मोटारींची संख्या कमी करणे हे दोन वेगळे उपाय आहेत, आणि आतापर्यंत पहिलाच प्रामुख्याने हाती घेतला गेला आहे.

रोझामंड यांनी तीन सरकारी खात्यांविरुद्ध लावलेला दावा ऑक्टोबर २०२४ मध्ये तडजोडीने मिटला. स्वच्छ हवा हा मानवी हक्क मानणारे, एलाच्या नावाने ओळखले जाणारे विधेयक २०२२ च्या अखेरीस उमरावांच्या सभागृहात संमत झाले होते, पण ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. अतिसूक्ष्म कणांची वार्षिक पातळी १० मायक्रोग्रॅमवर आणण्याचे उद्दिष्ट इंग्लंडने २०२३ च्या नियमांत घातले. जागतिक आरोग्य संघटनेने हीच पातळी २००५ मध्ये सुचवली होती आणि २०२१ मध्ये ती निम्म्यावर, पाचवर आणली. इंग्लंडच्या नियमांतील मुदत २०४० अखेरची आहे. २००४ मध्ये जन्मलेली एला त्या वर्षी छत्तीस वर्षांची झाली असती.